बहुधातुक गोटे : भारतीय संशोधनाचा इतिहास

खोल महासागराच्या तळावर सुटे पसरलेले, मँगॅनीज व लोह यांच्या ऑक्साइडांचे काळसर तपकिरी गोटे. त्यांना मँगॅनीज गोटे असेही म्हणतात. ते सामान्यतः ४,००० ते ६,००० मी. खोलीवर आढळतात व त्यांचा आकार बहुधा बटाट्याएवढा असतो. माशाचा दात, शंखाचा वा खडकाचा तुकडा अशा एखाद्या केंद्राभोवती समुद्रजलातील व तळगाळातील धातूंचे थर साचत जाऊन ते बनतात. ही वाढ अत्यंत मंद असून दहा लाख वर्षांत ती काही मिलिमीटर एवढीच होते. मध्य हिंदी महासागराच्या द्रोणीतील गोट्यांत सुमारे २४ टक्के मँगॅनीज आणि निकेल, तांबे व कोबाल्ट मिळून सुमारे अडीच टक्के असतात. मँगॅनीजाचे साठे नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांत जमिनीवरच आहेत. भारताला या गोट्यांचे आकर्षण वाटले ते मुख्यतः उरलेल्या तीन धातूंमुळे.

पूर्वपीठिका : या गोट्यांचा शोध ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या १८७२–७६ मधील सफरीत लागला. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे ते संग्रहालयातील कुतूहलाचा विषय राहिले. १९६५ मध्ये जॉन मेरो या अमेरिकन अभियंत्याने सागरी खनिजांवरील आपल्या ग्रंथात त्यांच्या आर्थिक उपयोगाची शक्यता मांडली आणि प्रगत देशांतील कंपन्यांचे लक्ष तिकडे वळले. १९६७ मध्ये माल्टाचे प्रतिनिधी अर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत असा विचार मांडला, की राष्ट्रीय हद्दीपलीकडील सागरतळ हा अखिल मानवजातीचा समाईक वारसा मानावा. तंत्रज्ञान ज्याच्या हाती त्याने तळ लुटावा, की त्यात सर्व राष्ट्रांचा वाटा असावा, हा प्रश्न तेव्हापासून समुद्राच्या कायद्याच्या केंद्रस्थानी आला.

भारतात खोल समुद्राच्या पद्धतशीर अभ्यासाला आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने (१९५९–६५) चालना दिली. तिची परिणती म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अखत्यारीत राष्ट्रीय महासागरविज्ञान संस्था स्थापन झाली. एन्. के. पणिक्कर हे तिचे पहिले संचालक होत. संस्थेचे मुख्यालय पुढे गोव्यात आले व पणजीजवळील दोना पावल येथे ते स्थिरावले. संस्थेचे पहिले संशोधन जहाज ‘गवेषणी’ हे एका गाळवाहू जहाजाचे रूपांतर करून सिद्ध करण्यात आले व १९७६ मध्ये ते सेवेत दाखल झाले.

पहिले नमुने व सर्वेक्षण : २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’वरील शास्त्रज्ञांनी अरबी समुद्राच्या तळावरून पहिले गोटे वर काढले. या कार्यक्रमाचे नेतृत्व एच्. एन्. सिद्दिकी यांच्याकडे होते. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने महासागर विकास विभाग स्थापन केला.

या घटनेचे महत्त्व तिच्या वेळेत आहे. समुद्राच्या कायद्यासंबंधीची परिषद तेव्हा अखेरच्या टप्प्यात होती. १९८२ मध्ये तिने ‘अग्रणी गुंतवणूकदार’ असा दर्जा निर्माण केला. १ जानेवारी १९८३ पूर्वी किमान ३ कोटी डॉलर खर्च केलेल्यांना तो मिळणार होता. त्या ठरावात फ्रान्स, जपान व सोव्हिएट रशिया यांच्या बरोबरीने भारताचे नाव आले. या चौघांत विकसनशील देश एकटा भारत होता. नमुने काही वर्षे उशिरा हाती आले असते, तर हे स्थान मिळणे अवघड झाले असते.

पुढील सर्वेक्षणात ‘स्कँडी सर्व्हेयर’ व ‘फार्नेला’ ही भाड्याची जहाजे आणि १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत बांधलेले ‘सागर कन्या’ हे जहाज वापरण्यात आले. नमुने घेण्याची एक पद्धत साधी पण कल्पक होती. वजन बांधलेला पंजा समुद्रात सोडून देत. तळाला टेकताच तो मिटे, वजने सुटून खाली राहत आणि तरंगगोळ्यांच्या बळावर पंजा गोट्यांसह पृष्ठभागावर येई. पाच किमी. लांबीची दोरी उतरविण्याचा व गुंडाळण्याचा वेळ त्यामुळे वाचे.

हक्क व करार : नियमानुसार अर्जदाराने समान मूल्याची दोन क्षेत्रे सुचवावयाची व त्यांपैकी एक आंतरराष्ट्रीय समुदायासाठी राखून ठेवावयाचे असते. १७ ऑगस्ट १९८७ रोजी भारताची अग्रणी गुंतवणूकदार म्हणून जगात प्रथम नोंदणी झाली व मध्य हिंदी महासागर द्रोणीतील १,५०,००० चौ. किमी. क्षेत्र त्याला मिळाले. टप्प्याटप्प्याने कमी प्रतीचे भाग परत करून अखेर ७५,००० चौ. किमी. क्षेत्र राखण्यात आले. तेथे सुमारे ३८ कोटी टन गोटे असावेत, असा सरकारी अंदाज आहे. जमैकातील किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी २५ मार्च २००२ रोजी पंधरा वर्षांचा समन्वेषण करार झाला. २०१७ व २०२२ मध्ये प्रत्येकी पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. हा हक्क समन्वेषणाचा आहे, उत्खननाचा नव्हे.

अभियांत्रिकी : या खोलीवर दाब वातावरणाच्या पाचशे पटींहून अधिक असतो, तर तळगाळ इतका मऊ असतो की जड यंत्र त्यात रुतते. १९९३ मध्ये चेन्नई येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने जर्मनीतील सीगेन विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित केलेल्या सरपटत्या यंत्राची २००० मध्ये ४१० मी. खोलीवर चाचणी झाली. २०२१ मध्ये ‘वराह’ हे यंत्र मध्य हिंदी महासागरात ५,२७० मी. खोलीवर चालविण्यात आले. दोन्ही चाचण्यांमधील अंतर एकवीस वर्षांचे आहे, यावरून कार्याची दुष्करता लक्षात येते. २०२१ मध्येच मंजूर झालेल्या खोल महासागर मोहिमेत (खर्च ४,०७७ कोटी रु.) तिघांना ६,००० मी. खोलीवर नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी समाविष्ट आहे. जमशेदपूर, भुवनेश्वर व उदयपूर येथे गोट्यांतून धातू वेगळे करण्याच्या प्रक्रिया तपासल्या गेल्या.

पर्यावरण : १९९७ मध्ये गोव्यातील संस्थेने सुमारे ५,४०० मी. खोलीवरील ३,००० मी. × २०० मी. पट्ट्यातील गाळ यंत्राने मुद्दाम ढवळला व परिणामांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. ढवळलेल्या पट्ट्यात तळजीवांची संख्या घटली. नंतरच्या वर्षांत ती काही प्रमाणात भरून आली. परंतु हा पट्टा एक चौ. किमी.हूनही लहान होता. व्यापारी उत्खननात दरवर्षी शेकडो चौ. किमी. तळ खरवडला जाईल. शिवाय गोट्यांच्या कठीण पृष्ठभागाला चिकटून राहणाऱ्या जीवांचा आधारच उत्खननाने नाहीसा होतो व तो पुन्हा बनण्यास लक्षावधी वर्षे लागतात.

उत्खननाची आंतरराष्ट्रीय नियमावली २०२५ च्या बैठकांतही संमत झाली नाही. अनेक राष्ट्रांनी तोपर्यंत उत्खनन थांबविण्याची मागणी केली आहे. विद्युत् घटमालांसाठी लागणाऱ्या कोबाल्टाबाबत भारत आयातीवर अवलंबून असल्याने त्याचा या साठ्यांतील रस वाढला आहे. मात्र हिंदी महासागरातून गोट्यांचे व्यापारी उत्पादन अद्याप झालेले नाही. या चार दशकांचे निश्चित फलित म्हणजे खोल समुद्रात काम करणारे जहाजे, यंत्रे व शास्त्रज्ञ यांचे बळ आणि उत्खननापूर्वीच्या तळाची तपशीलवार नोंद. उत्खनन करावयाचे की नाही, हा निर्णय केव्हाही झाला, तरी त्याचा आधार हीच नोंद राहील.