पोपच्या तळघरातली जीभ

तिशियननं १५४३ साली काढलेलं पोप तिसऱ्या पॉलचं चित्र नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात आहे. वाकलेले खांदे, लांब दाढी आणि समोरच्याला जोखणारे डोळे. ट्रेंटची परिषद बोलावणारा, जेझुइटांना मान्यता देणारा हा पोप. फ्रान्सिस झेविअर गोव्यात उतरला तोही याच्याच काळात. मला मात्र पोपपेक्षा त्याच्या पेल्यात वाईन ओतणाऱ्या माणसात जास्त रस आहे.

त्याचं नाव सांते लान्चेरिओ. हुद्दा 'बोत्तिल्येरे', म्हणजे वाईनच्या तळघराचा कारभारी. पोप प्रवासाला निघाले की हाही बरोबर, आणि गावोगावची वाईन पारखायची. या अनुभवावर त्यानं पोपचा नातू कार्डिनल ग्विदो आस्कानियो स्फोर्झा याला एक लांबलचक पत्र लिहिलं. (पोपला नातू कसा, असं विचारू नका, काळच तसा होता. हा नातू कार्डिनल झाला तेव्हा सोळा वर्षांचा होता.) पत्रात पन्नासेक वाइनींची झडती घेतलेली आहे. ते हस्तलिखित तीनशे वर्षं पडून राहिलं आणि १८७६ मध्ये छापलं गेलं. इटालियन वाइनचा पहिला चाखणारा-लिहिणारा म्हणून लान्चेरिओचं नाव आज घेतलं जातं ते या पत्रामुळे.

पत्रात फळंफुलं शोधू नका. चेरी नाही, व्हायोलेट नाही, तंबाखू नाही. माँतेपुल्चानोची वाईन त्याला फार आवडते. तिला वास आहे, रंग आहे, चव आहे, ती थोरामोठ्यांनी प्यावी अशी आहे, एवढ्यावर तो थांबतो. त्याचे शब्द अंगाशी बोलणारे आहेत. 'फुमोसो' म्हणजे डोक्यात चढणारी, 'तोंदो' म्हणजे गोल, तोंडात कुठेही न टोचणारी. कोणती उन्हाळ्यात चालेल, कोणती हिवाळ्यात, हेही तो सांगतो. व्हेसुव्हियसच्या उतारावरच्या सोम्मा गावच्या जुन्या ग्रेको वाइननं तर पोप डोळे धूत असत!

हसू येतं, पण क्षणभरच. रात्री दही नको, आंबा पाण्यात ठेवूनच खायचा, हे ऐकत वाढलेल्या माणसाला लान्चेरिओ परका वाटत नाही. गॅलेनचं उष्ण-शीत त्याच्या काळी युरोपभर चालत होतं. चव ही पदार्थात नसून पदार्थ, ऋतू आणि खाणारा यांच्यात असते, असा तो हिशेब होता.

त्यातला खाणारा कोण, हे मात्र खुपतं. काही वाइनी तो सरळ नोकरचाकरांसाठी म्हणून बाजूला काढतो. त्या नोकरांना काय चव लागत होती हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. जिभा त्यांनाही होत्या.

आजची भाषा वेगळ्या गरजेतून आली. कॅलिफोर्नियात अॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वासांचं एक चक्र मांडलं: वाइनला 'उमदी' म्हणू नका, कशासारखा वास येतो ते सांगा. हे जास्त लोकशाहीचं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग नाशिकजवळच्या एका टेस्टिंग रूममध्ये सांज्योव्हेझेचा, म्हणजे माँतेपुल्चानोच्याच द्राक्षाचा, पेला हाती आला. ओतणाऱ्या पोरानं पाठ केलेलं म्हणून दाखवलं: ब्लॅकबेरी, लेदर, सीडर. टेबलाभोवती आम्ही सहा जण, ब्लॅकबेरी एकानंही खाल्लेली नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेजारच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, "तुरट आहे. जांभळानंतर जीभ होते तशी." पोरगा ओशाळून हसला. खरं तर टॅनिनचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. इटालियनमध्ये यालाच 'अल्लाप्पान्ते' म्हणतात. लान्चेरिओला काकूंचं म्हणणं लगेच कळलं असतं. फक्त पुढे त्यानं विचारलं असतं: जेवणाआधी घेतलीत की नंतर?