निराधार बालकांची सेवा : दयेकडून व्यवसायाकडे

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकवर्ग एकच प्रश्न घेऊन शाळेत येतो : "सर, मुलाला आता कुठल्या लाइनला घालावे?" डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, नाहीतर परदेशी नोकरी, एवढ्यातच उत्तरे संपतात. आईबापांच्या छत्राला मुकलेल्या बालकांची काळजी वाहणे हेही शिकून करावयाचे काम आहे, त्याला पदवी आहे, पद आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अनाथाची सेवा म्हणजे श्रीमंताने करावयाचा दानधर्म, अशीच आपली समजूत. ती समजूत कशी बदलत गेली, याचा इतिहास आपल्याच महाराष्ट्रात घडला आहे. त्याची थोडक्यात ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

आरंभ अर्थातच दयेतून झाला. इ. स. १८६३ मध्ये महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवांनी तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, वाटल्यास मूल तेथेच ठेवून जावे, अशी सोय त्यांनी केली. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला या दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी रोग्यांची सेवा केली ती याच डॉक्टर मुलाच्या दवाखान्यात, आणि त्या सेवेतच त्यांना मरण आले. १८७५ मध्ये पंढरपुरासही प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम काढला. ही सारी कामे थोर खरी; परंतु ती व्यक्तींच्या पुण्याईवर उभी होती.

सरकारी दृष्टी तेव्हा निराळी होती. रस्त्यावरचे मूल म्हणजे भावी गुन्हेगार, असा तिचा रोख. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली, १८७६ व १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे झाले. मूल तुरुंगातून बाहेर आले, पण शिक्षेच्या कल्पनेतून सुटले नाही. पुढे १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांचे खटले वेगळ्या न्यायालयात चालवावेत, अशी शिफारस केली. मद्रास (१९२०) व बंगाल (१९२२) यांच्यामागोमाग १९२४ साली मुंबई इलाख्याचा बालक अधिनियम आला. गुन्हा केलेल्या मुलाबरोबरच निराधार व छळलेल्या मुलाचाही विचार या कायद्याने केला.

कायदा झाला, पण तो राबवायचा कोणी? १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरी-उमरखाडी येथे मुलांचे रिमांड होम चालू लागले. ही वास्तू म्हणजे पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवसांची कैद भोगली ती याच ठिकाणी. भिंती त्याच राहिल्या, माणसे मात्र निराळी लागली. मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणारा, त्याच्या आईशी बोलणारा, न्यायालयापुढे अहवाल ठेवणारा परिवीक्षा अधिकारी आता आवश्यक झाला. या कामास नुसते कोमल अंतःकरण पुरत नाही, प्रशिक्षण लागते, हे हळूहळू उमगले.

ते प्रशिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था १९३६ साली मुंबईत निघाली. तिचे नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ तिचे पहिले संचालक. नागपाड्याच्या गजबजलेल्या वस्तीत ते समाजकेंद्र चालवीत होते. तेथेच या संस्थेचे वर्ग सुरू झाले. गरिबांच्या सेवेचे शास्त्र गरिबांच्या शेजारीच शिकवले गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, या संस्थेने बाल-मार्गदर्शन चिकित्सालय काढले. हीच संस्था पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आली. १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन व १९६३ साली पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था निघाल्याने ही वाट आणखी रुंद झाली. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवाही टाटा संस्थेच्याच प्रकल्पातून जन्मली.

आता पुढचा टप्पा. १९८६, २००० व २०१५ असे तीन बाल न्याय कायदे संसदेने केले. २०१५ च्या कायद्याने एक तत्त्व स्पष्ट सांगितले : मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय होय, त्याची खरी जागा कुटुंबात आहे. यातूनच संगोपन कुटुंबाची पद्धत पुढे आली. बालकल्याण समिती निराधार मुलाला ठराविक काळासाठी परक्या कुटुंबात ठेवू शकते. जन्मदाते असल्यास, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर, ते त्याला भेटू शकतात. समितीने अशा कुटुंबाची दरमहा पाहणी करावी, असेही कायदा सांगतो. महाराष्ट्रात नातलगांकडे वा अन्य कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, आणि तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले, हे उचितच झाले.

आपल्या समाजाच्या दृष्टीने येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. दत्तक म्हटले की वंश आणि वारसा यांचा प्रश्न आपल्याकडे उभा राहतो. २०१४ साली शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बाल न्याय कायद्यान्वये कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते. परंतु ही मुभा आहे, सक्ती नव्हे. संगोपनात तर मुलाचे नाव, बापाचे नाव काहीच बदलत नाही. यतीमाच्या डोक्यावर हात ठेवायला ज्यांची तयारी आहे, पण दत्तकाला मन कचरते, त्यांच्यासाठी हा मार्ग मोकळा आहे.

या सर्व व्यवस्थेला माणसे हवी आहेत. समाजकार्याची पदवी वा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहे, निरीक्षणगृहे आणि स्वयंसेवी संस्था येथे काम मिळते. मानसशास्त्र व कायदा शिकलेल्यांनाही येथे स्थान आहे. बालकल्याण समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव असणारी व्यक्ती त्यासाठी पात्र ठरू शकते. म्हणजे आम्हा शिक्षकांनाही दार बंद नाही.

चित्र गुलाबी आहे असे मात्र नाही. पुष्कळ पदे कंत्राटी, वेतन बेताचे, प्रवास फार. एकच अधिकारी अनेक मुलांचे कागद सांभाळतो आणि त्या गर्दीत एखादे मूल वर्षानुवर्षे संस्थेतच राहून जाते. त्या मुलाचे घर शोधायला जाणारा कोणी नसतो, इतकाच त्याचा दोष. म्हणूनच या कामात हुशार मुलामुलींनी येण्याची गरज आहे. अन्यत्र कोठे जमले नाही म्हणून येणाऱ्यांनी हे काम पेलणार नाही. यंदा आपल्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दोघा-चौघांनी जरी या वाटेचा विचार केला आणि त्यांच्या पालकांनी त्यांना अडवले नाही, तर दीडशे वर्षांच्या या इतिहासात आपल्या समाजाचाही वाटा पडेल.