पन्नीचं डिझेल : एक जुनी बातमी आणि एक नवा प्रस्ताव

आपल्या गावाच्या डेपोवर प्लॅस्टिकपासून डिझेल काढायची मशीन बसवायचा प्रस्ताव आहे, ही चर्चा तुमच्याही कानावर आली असेल. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरतोय. इकडून पन्न्या आत, तिकडून डिझेल बाहेर. चार दिवसांत दहा जणांनी विचारलं, "भाऊ, हे खरं हाय का?"

खरं आहे. पण त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्यातला एक लहानसा कोपरा माझ्याही नावावर आहे. पोस्ट लांब होईल, वेळ काढून वाचा.

२००३ च्या सुमाराची गोष्ट. मी नागपुरात पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. अलका झाडगावकर यांनी टाकाऊ प्लॅस्टिकपासून इंधन काढल्याची बातमी तेव्हा खूप गाजली. मीही एका साप्ताहिकात ठोकून दिलं, 'आता कचऱ्यातून पेट्रोल!' भेटलो कुणालाच नाही, दुसऱ्या पेपरातून उतरवलं. कोणतं प्लॅस्टिक, उरलेल्याचं काय, खर्च किती, यातलं काहीच विचारलं नाही. पुढं बुटीबोरीत त्यांचा कारखानाही उभा राहिला. बाईंचं काम खरं होतं, अर्धवट होती ती माझी बातमी.

तेव्हा विचारायचं राहिलं ते आता सांगतो.

कॅरीबॅगचं पॉलिथिन काय आणि डिझेल काय, दोन्ही कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्याच. डिझेलची साखळी आखूड, पन्नीची हजारो कड्यांची. हवा न लागू देता ४००-५०० अंशांपर्यंत तापवलं की साखळी तुटते. पण नुसत्या उष्णतेनं ती कशीही तुटते, बरंचसं मेण निघतं. हव्या त्या मापानं आणि कमी उष्णतेत तोडायची, तर उत्प्रेरक लागतो. गंमत बघा, ही साखळी जोडायलाही उत्प्रेरकच होता. जर्मनीत कार्ल त्सिग्लर यांनी १९५३ मध्ये उत्प्रेरक वापरून कमी दाबात पॉलिथिन बनवलं, इटलीत जुलिओ नात्ता यांनी पुढच्याच वर्षी पॉलिप्रॉपिलीन. १९६३ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. आपल्या नाल्या ज्यानं तुंबल्यात, त्याचा जन्म तिथला.

तोडायची विद्या तर त्याहून जुनी. यूजीन हूद्री नावाचा फ्रेंच इंजिनीअर, रेसच्या गाड्यांचा शौकीन. त्याला चांगलं पेट्रोल हवं होतं. जड तेल उत्प्रेरकावरून नेलं की त्याचं पेट्रोल होतं, हे त्यानं दाखवलं. उत्प्रेरक कसला, तर आम्लानं प्रक्रिया केलेली माती! १९३७ मध्ये अमेरिकेत मार्कस हुक इथं सन ऑइलच्या रिफायनरीत त्याचा मोठा प्लँट सुरू झाला. मात्र काही मिनिटांतच मातीवर कोळशाचा थर बसायचा आणि ती निकामी व्हायची. म्हणून त्यानं अनेक भांडी ठेवली. एकात तेल फुटतंय, तोवर दुसऱ्यातला थर जाळून साफ होतोय. ही काजळी आजही पाठ सोडत नाही. व्हिडिओत तेवढी दिसत नाही.

हूद्रीकडं निदान तेल तरी एकाच जातीचं होतं. आपल्या घंटागाडीत काय असतं? खर्ऱ्याच्या पन्न्या, चिप्सची आतून चंदेरी पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, वायरी, आणि नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन. तापवलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, ते पाइप खातं आणि उत्प्रेरकही मारतं. बाटलीच्या प्लॅस्टिकमधून निघणारी आम्लं पाइपात गोठून बसतात. 'मिश्र प्लॅस्टिक' हा शब्द प्रस्तावात लिहायला सोपा आहे.

जपाननं हे करून पाहिलं. साप्पोरो शहरात २००० साली मोठा प्लँट सुरू झाला, घराघरातून आलेल्या मिश्र प्लॅस्टिकसाठी. क्लोरीन काढायची वेगळी सोय होती. लोक तर आपल्यापेक्षा शंभर पटीनं शिस्तीचे, धुऊन कचरा देणारे. तो प्लँटही दहा वर्षांनी बंद पडला. तंत्र चालत होतं, हिशेब जुळत नव्हता.

आपल्या देशातही काम झालंय. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत ऑगस्ट २०१९ मध्ये गेलच्या मदतीनं रोज १ टन प्लॅस्टिकचा प्लँट सुरू झाला. एका टनाला सुमारे ८०० लिटर डिझेल. पण ते पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीनसारख्या निवडलेल्या प्लॅस्टिकचं.

म्हणून परवा डेपोवर गेलो. तिथं कचरा वेचणाऱ्या बायांजवळ दोन तास बसलो. दुधाच्या पिशव्या, तेलाचे डबे, बादल्यांचे तुकडे, बाटल्या त्या वेगळ्या काढतात. भंगारवाला किलोवर घेतो, त्यावर त्यांची चूल पेटते. मागं उरतो तो ओला, मातीनं माखलेला, सात जातींचा ढीग. तो कुणालाच नको असतो.

आता बघा. मशीनला जे प्लॅस्टिक चालतं, ते या बाया आधीच विकतात. जे डेपोवर पडून राहतं, ते मशीनला पचत नाही. मग ठेकेदार कोणतं प्लॅस्टिक उचलणार? मी मशीनचं नाव काढल्यावर एक मावशी म्हणाली, "म्हंजे आमची पिशवी बी तेच नेतीन का बाप्पा?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

माझा मशीनला विरोध नाही. उरलेल्या ढिगावर चालवून दाखवा, पहिला फोटो मीच टाकीन. फक्त तीन गोष्टी लेखी हव्यात. वेचणी कोण करणार आणि या बायांना मजुरी कोण देणार? क्लोरीनचं आणि काजळीचं काय करणार? आणि बंद पडली तर ती उचलून कोण नेणार? मागं खतासाठी आणलेलं यंत्र अजून डेपोच्या कोपऱ्यात गंजत उभं आहे, त्यावर वेल चढलाय.

प्रस्तावाची प्रत काल लेखी अर्ज देऊन मागितली आहे. मिळाली की सगळी पानं इथंच टाकतो.