चित्रशाळा आणि कारखाना यांच्या मधली वाट



बारावीचा निकाल लागला, की आमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. एखादे वडील मुलीला घेऊन येतात आणि विचारतात, "सर, हिचा चित्रकलेत हात चांगला आहे, गणितही वाईट नाही. घरातलं घड्याळ, मिक्सर, काही म्हणून ही न उघडता ठेवत नाही. हिला कुठं घालावं?" चित्रशाळेत घालावी तर पोटापाण्याची काळजी, इंजिनिअरिंगला घालावी तर त्या हाताचे काय? मी इतिहासाचा मास्तर. मला अशा वेळी पहिल्यांदा आठवतात ते लक्ष्मणराव किर्लोस्कर.

१८८५ साली लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. पण काही रंग आपल्याला नीट ओळखू येत नाहीत, असे त्यांच्या ध्यानात आले आणि रंगकाम सुटले. मग ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवूही लागले. त्यानंतर बेळगावचे सायकलींचे दुकान, लोखंडी नांगर आणि १९१० साली कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी. ही हकिकत आपल्याला ठाऊक आहेच. नांगर उत्तम होता, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत! म्हणजे नांगर ओतणे हे एक काम झाले. तो ज्याच्या हाती जायचा त्या माणसाला तो आपला वाटावा, हे दुसरे. या दुसऱ्या कामाचे शिक्षण देणारी शाळा तेव्हा आपल्याकडे नव्हती.

आज आहे. तिला इंडस्ट्रियल डिझाइन म्हणतात. कोशात 'औद्योगिक अभिकल्प' असा भारदस्त शब्द सापडतो, पण कारखान्यात तो कुणाच्या तोंडी नाही. आपणही डिझाइनच म्हणू.

ही विद्या मुळात वेगळी निघालीच का? आपला कुंभार किंवा तांबट घ्या. भांड्याचा आकार ठरवणारा तोच, घडवणारा तोच आणि बाजारात बसून गिऱ्हाइकाची कुरकुर ऐकणाराही तोच. कारखाना आला आणि या एका माणसाचे तीन झाले. आकार कुणाचाच राहिला नाही. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात यंत्राने केलेल्या वस्तूंवर वेलबुट्टीची इतकी गर्दी होती, की इंग्रज जाणकारांनीच नाके मुरडली. वस्तू आधी करायची आणि शोभा मागून चिकटवायची, हा रोग तेव्हापासूनचा. सर जमशेटजी जिजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईची चित्रशाळा निघाली, ती याच काळात.

या रोगावर पहिला जोरदार इलाज जर्मनीत झाला. १९१९ साली वायमार गावी वाल्टर ग्रोपिउस यांनी 'बाउहाउस' ही शाळा काढली. तिथल्या कार्यशाळेत सुरुवातीला दोन गुरू असत. एक चित्रकार, आकार शिकवणारा. दुसरा कसबी कारागीर, हत्यार शिकवणारा. विद्यार्थी दोघांचा. पुढे शाळा डेसाउला गेली, आणि तिथे मार्सेल ब्रॉयर या तरुण शिक्षकाने सायकलच्या हँडलवरून स्फूर्ती घेऊन पोलादी नळीची खुर्ची केली. आज कचेऱ्यांतून दिसणाऱ्या नळीच्या खुर्च्या तिच्याच गोतावळ्यातल्या. १९३३ साली नाझी राजवटीच्या दडपणाखाली शाळा बंद पडली. तिचे शिक्षक अमेरिकेत पांगले, आणि त्यांनी तिकडच्या शाळांत हीच विद्या रुजवली.

पण माझ्या मते आपल्या दृष्टीने महत्त्वाची शाळा ती नव्हे. ती आहे उल्म या लहानशा गावातली. हिटलरविरुद्ध पत्रके वाटल्याबद्दल हान्स आणि सोफी शोल या भावंडांना १९४३ साली देहदंड झाला. त्यांची बहीण इंगे शोल, तिचा पती ओटल आयशर आणि माक्स बिल यांनी मिळून, भावंडांच्या स्मरणार्थ १९५३ साली ही शाळा उघडली. उद्ध्वस्त देशात माणसाला रोज लागणाऱ्या वस्तू नीट कशा कराव्यात, हे शिकवणे त्यांना लोकशाहीचेच काम वाटले. खुर्ची आणि चमचा यांचा लोकशाहीशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. पण चांगली वस्तू फक्त श्रीमंताच्या दिवाणखान्यात नसावी, हा त्यातला मुद्दा होता.

उल्मच्या अभ्यासात चित्रकला मागे सरली. गणित, समाजशास्त्र, माणसाच्या शरीराची मापे, चिन्हांचे शास्त्र हे विषय पुढे आले. हान्स गुगेलो हे तिथले शिक्षक ब्राउन कंपनीच्या रेडिओंना नवे रूप देत होते. निक रोएरिक्ट या विद्यार्थ्याने पदविकेसाठी उपाहारगृहातल्या कपबश्यांचा प्रश्न घेतला. एकावर एक रचता याव्यात, कपाटात जागा कमी लागावी, धुवायला सोप्या जाव्यात. ती भांडी कारखान्याने काढली आणि वर्षानुवर्षे खपली. पुढे आपसांतले वाद विकोपाला गेले, सरकारी अनुदान थांबले आणि १९६८ साली ही शाळाही बंद झाली.

इकडे १९५८ साली भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने एक अहवाल दिला होता. त्यात त्यांनी कौतुक कशाचे करावे? आपल्या लोट्याचे! तो भरलेला असताना तोल कसा राहतो, रिकामा असताना कसा, धार कशी पडते, मोडीत काय किंमत येते, असे किती प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवत तो आकार तयार झाला, हे त्यांनी दाखवले. त्यानंतर १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. आणि उल्म बंद झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९६९ साली, पवईच्या आय. आय. टी.त इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. ते उभे करणारे सुधाकर नाडकर्णी हे जे. जे.चे विद्यार्थी आणि उल्मचेही. लक्ष्मणरावांना जी दोन दारे वेगवेगळी ठोठवावी लागली, ती इथे एका घराला बसवली गेली.

या घरातून निघालेली एक वस्तू तुम्ही स्वतः वापरली आहे. इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्राची घडण याच केंद्रातल्या ए. जी. राव आणि रवी पूवैया या प्राध्यापकांनी केली. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर वापरले गेले. विचार करा, हे यंत्र वापरणारा माणूस ते पाच वर्षांतून एकदा, काही सेकंद, आडोशामागे एकटाच वापरतो. शिकवायला कुणी नाही. अक्षरओळख असेलच असे नाही. म्हणून नावापुढे चिन्ह, चिन्हापुढे निळे बटण, दाबले की लाल दिवा आणि शिट्टीसारखा आवाज. आतली वीजमंडले इंजिनिअर करतील. पण बटण कुठे असावे, हा माणसाविषयीचा प्रश्न आहे.

आता त्या वडिलांच्या काळजीकडे वळू. पवईला पदव्युत्तर शिक्षण आधीपासून होते, २०१५ पासून बारावीनंतरची चार वर्षांची पदवीही आहे. तिच्या 'यूसीड' या प्रवेशपरीक्षेला विज्ञान, वाणिज्य, कला, कुठल्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, आणि त्यात हाताने चित्र काढावे लागते. पुढे वाहनांचे कारखाने आहेत, घरगुती यंत्रे, रुग्णालयातली उपकरणे, खेळणी, फर्निचर, मोबाइलच्या पडद्यावरची मांडणी असे कितीतरी आहे. काहीजण स्वतःची कचेरी थाटतात, काही शिकवतात. नाव मात्र होत नाही. रोएरिक्टच्या कपात कॉफी पिणाऱ्या किती जणांना त्याचे नाव ठाऊक असेल?

एक गोष्ट मात्र त्या मुलीने पहिल्या मुलाखतीला पगाराबरोबरच विचारून घ्यावी, असे मी सांगतो. आपल्याकडच्या पुष्कळ कारखान्यांत अजून डिझाइनवाल्याला शेवटी बोलावतात, "जरा रंगरूप बघा" म्हणून. म्हणजे १८५१ चीच वेलबुट्टी! तेव्हा साचा कापायच्या आधी बोलावणार की नंतर, ते विचारावे. प्लॅस्टिकच्या वस्तूचा पोलादी साचा लाखो रुपयांचा असतो. तो एकदा कापला, की मुठीची जाडी बदलत नाही आणि बटणाची जागाही हलत नाही. मग हाती उरतो तो फक्त रंग.