प्रतिद्रव्याचा शोध: पासाडेना ते जिनिव्हा

प्रतिद्रव्य म्हणजे नेहमीच्या द्रव्याचे जुळे भावंड: वस्तुमान तेवढेच, विद्युतभार मात्र उलटा. दोघांची गाठ पडली की दोन्ही नष्ट होतात आणि त्यांची ऊर्जा होते. १९२८ साली पॉल डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनसाठी मांडलेल्या समीकरणातून ऋण ऊर्जेची उत्तरेही निघाली. गणितातली अडगळ म्हणून ती सोडून देणे सोपे होते. डिरॅक यांनी तसे केले नाही. १९३१ मध्ये त्यांनी धनभारित इलेक्ट्रॉनचे भाकीत केले.

पुरावा अमेरिकेत पासाडेना येथे मिळाला, तोही त्या भाकिताच्या मागावर कोणी नसताना. कार्ल अँडरसन चुंबकीय क्षेत्रातल्या क्लाउड चेंबरमधून, म्हणजे कणाची वाट रेघेच्या रूपात दाखवणाऱ्या उपकरणातून, विश्वकिरणांची छायाचित्रे घेत होते. कण वरून आला की खालून, हे कळावे म्हणून त्यांनी मध्ये ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा बसवला होता. पत्रा ओलांडताना कणाची ऊर्जा घटते, म्हणून पुढची रेघ अधिक वाकते. २ ऑगस्ट १९३२ च्या छायाचित्रात वरची रेघ जास्त वाकलेली होती. म्हणजे कण खालून वर गेला होता, आणि वळणाची दिशा धनभाराची होती. प्रोटॉन असता तर रेघ इतकी लांब उमटलीच नसती; म्हणजे हा धनभारित इलेक्ट्रॉनच होता.

१९५५ मध्ये बर्कलीच्या बेव्हाट्रॉन या कणत्वरकावर प्रतिप्रोटॉन सापडला. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९९५ साली प्रतिहायड्रोजनचे जेमतेम नऊ अणू बनले आणि क्षणार्धात नाहीसे झाले. २०११ पर्यंत असे अणू १,००० सेकंद टिकवण्यात यश आले. प्रतिहायड्रोजनही गुरुत्वाकर्षणाने खालीच पडतो, हे २०२३ मध्ये तिथेच सिद्ध झाले. महास्फोटानंतर द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारख्याच प्रमाणात निर्माण झाले असतील, तर आज विश्वात द्रव्यच का उरले, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.