प्लेटवरचे गाणे

हर्णे बंदरात आगबोट कधी काठाला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू, ट्रंका, वळकट्या, कोंबड्यांच्या टोपल्या असे सगळे पडावातून किनाऱ्यावर येई. आमच्या घरचा फोनो असाच आला. गिरणीत नोकरीला असलेल्या माझ्या चुलत्यांनी तो गोधडीत गुंडाळून आणला होता. बरोबर सहा प्लेटी होत्या, त्यांतली एक उतरताना फुटली. ती बालगंधर्वांची होती असे ते पुढे कित्येक वर्षे सांगत. आजी म्हणे, "फुटलेली प्लेट दुसऱ्या कुणाची असायचीच नाही!"

सभेत ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना फोनोला चावी देणे, दर बाजूला पिन बदलणे, हे सारे आठवत असेल. पण ज्या खोलीत हे गाणे भरले गेले ती खोली आपण कोणी पाहिली नव्हती. त्या खोलीत कोणाला शिरायला मिळाले आणि कोणाला नाही, एवढाच आज माझा विषय आहे.

गाणे यंत्रात धरण्याची युक्ती एडिसनने १८७७ साली साधली. पुढे बर्लिनर याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी आणली आणि तिच्या हव्या तितक्या नकला काढता येऊ लागल्या. धंदा उभा राहिला तो या नकलांवर. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग नावाचा तंत्रज्ञ आपले सामान घेऊन कलकत्त्यास उतरला. हॉटेलातल्या एका खोलीत त्याने मांडामांड केली आणि तेथे गौहरजान गायल्या. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून एक मोठा कर्णा पुढे आलेला असे. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचे, आणि आवाजाच्या धक्क्याने पलीकडची सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढी. हळुवार मुरकी त्या यंत्राला ऐकूच येत नसे. आपल्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या बायका त्या कर्ण्यापुढे उभ्या केल्या असत्या, तर पहिल्याच खेपेला पसंत पडल्या असत्या!

मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिकडे त्यांवरून लाखेच्या प्लेटी छापल्या जात. तेथल्या कामगारांना गाणारीण कोण हे कळावे म्हणून गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगत. पुष्कळांना हा बाईंचा तोरा वाटला. खरे म्हणजे ती पार्सलावरची चिठ्ठी होती. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यासच, सियालदा येथे, कारखाना निघाला आणि माल येथेच तयार होऊ लागला.

दहा इंची प्लेटीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. ज्या गायकाला राग उलगडायला तास लागे, त्याने तीन मिनिटांत काय करावे? काहींनी करून दाखविले. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या प्लेटी आजही लोक कान देऊन ऐकतात, आणि त्यांत काही राहून गेले असे कोणी म्हणत नाही. काही मात्र त्या खोलीत गेलेच नाहीत. अल्लादियाखाँसाहेबांनी, १९४६ साली देह ठेवीपर्यंत, बाजारासाठी एकही प्लेट दिली नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचाही आवाज आज आपल्याजवळ नाही. भाऊराव कोल्हटकरांच्या बाबतीत तर नशिबानेच दावा साधला. ज्यांच्या गळ्यासाठी महाराष्ट्र रात्र रात्र जागला ते भाऊराव १९०१ साली वारले, आणि यंत्र आले १९०२ साली.

आता याच्या उलट बाजूचे एक उदाहरण घ्या. अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर मूळच्या गोव्यातल्या केरी गावच्या. मानी बाई, पण त्यांनी प्लेटी दिल्या. त्यांतली भैरवीतली 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची चीज अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत घातली. ऑगस्ट-सप्टेंबरात ती याने सुटली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. ज्या खोलीकडे गुरूने पाठ फिरविली त्याच खोलीतून शिष्येचा आवाज निघाला आणि आज तो सूर्याच्या वाऱ्यापलीकडे जाऊन पोचला आहे. कोणाचे बरोबर होते? मला विचाराल तर दोघांचेही. पण हळहळ वाटते ती खाँसाहेबांसाठीच.

त्याच १९७७ साली, जानेवारीत, इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरात एक लहानशी प्लेट निघाली. आपल्या या सभेत तिचे नाव निघावे हे काहींना विचित्र वाटेल. त्या सुमारास तिकडे 'पंक' म्हणून संगीताचा एक पंथ निघाला होता. शब्दाचा अर्थ मराठीत 'टारगट' असा करावा. या पोरांना वाद्ये बेताचीच येत. घाई, चीड आणि खेकसणे हेच त्यांचे भांडवल. मोठ्या कंपन्यांची दारे लंडनला. तेव्हा बझकॉक्स नावाच्या चौघांनी घरच्यांकडून, मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि १९७६ च्या २८ डिसेंबरला गावातलाच एक स्टुडिओ धरून चार गाणी काही तासांत भरली. हजार प्लेटी स्वतःच काढल्या. त्या खपल्या, आणखी काढाव्या लागल्या. मौज अशी की कोणते गाणे कितव्या खेपेला साधले आणि वरून काय जोडले, हे त्यांनी कव्हरावरच छापले होते! आमच्याकडे एखाद्या गवयाने असे छापले असते तर दुसऱ्या दिवशी घराण्याची सभाच भरली असती.

त्याआधी एक वर्ष न्यूयॉर्कमध्ये रमोन्स या मंडळींनी चौदा गाण्यांची आपली पहिली तबकडी सुमारे आठवड्याभरात, साडेसहा हजारांहून कमी डॉलरांत पुरी केली. चौदा गाणी मिळून अर्धा तासही होत नाही. तोपर्यंत एका बाजूवर वीस-वीस मिनिटे मावणाऱ्या तबकड्या येऊन पाव शतक उलटले होते, आणि मोठी मंडळी एकेका तबकडीसाठी महिनोगणती स्टुडिओ अडवून बसत. ही पोरे आपखुशीने लाखेच्या प्लेटीच्या मापाकडे परत आली. ते गाणे मला आवडते असे मी म्हणणार नाही. नातवाने ऐकविले तेव्हा डोके दुखले. पण खोलीची किल्ली मालकाकडे मागत न बसता त्यांनी वर्गणी काढून खोलीच भाड्याने घेतली, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

आपल्याकडे असे काही घडले का? घडले, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढली. ती आपल्या खेड्यापाड्यांत रुजली १९८० नंतर. तोवर गाण्याचा बाजार एकदोन कंपन्यांच्या मुठीत होता. कॅसेटला ना लाख लागे, ना मोठा छापखाना. भाड्याची खोली, दोन मायक्रोफोन, एक ढोलकी, एक हार्मोनियम, की झाले काम. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये या उलथापालथीवर एक ग्रंथच लिहिला. भीमगीते, कोळीगीते, भजने, भारुडे यांचा पूर आला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे गळे प्लेटीवरून कॅसेटवर आले आणि टपरीटपरीला पोचले. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीपाशी कॅसेटींची रास मांडलेली असे. ज्यांच्या आजोबांना बैठकीच्या उंबऱ्यावरही जागा नव्हती, त्यांचे गाणे तेथे पाच-पंचवीस रुपयांत मिळे. त्यांतल्या पुष्कळ कॅसेटी कशाबशा भरलेल्या, आवाज फाटलेला, कागदावर गाणाराचे नावसुद्धा चुकलेले. अभिरुचीची माणसे हसली. टारगटांनाही लंडनात असेच हसत होते.

असो. आमच्या घरच्या फोनोला एक खोड होती. तो ऐकवी, ऐकत नसे. त्याच ओटीच्या मागल्या अंगाला आजी पहाटे जात्यावर बसे आणि तास तास ओव्या म्हणे; तिच्यासाठी कोणी मेणाची तबकडी मांडली नाही. मांडावी असे आम्हांलाही सुचले नाही, कारण गाणे म्हणजे प्लेटवर असते ते, अशी आमची समजूत! रायगड-ठाण्याकडे आगरी-कोळ्यांच्या लग्नांत धवलारीण धवळे गाते. तिच्या मागे गाणाऱ्या बायका वर्षागणिक कमी होत आहेत.

मी पहिला टेप विकत घेतला १९८३ साली. तोवर आजी गेली होती. म्हणून मी तो घेऊन बंदरावर गेलो आणि अर्ध्या तासाची एक बाजू लिलावाने भरली. भाव, शिव्या, हसणे, बर्फ फोडल्याचा आवाज, आणि मधून मधून नुसता वारा. पुकारणाऱ्यांपैकी दोघी आज हयात नाहीत. ती कॅसेट मी बरोबर आणली आहे, यंत्रही आणले आहे. आभारप्रदर्शन झाल्यावर ज्यांना ऐकायची असेल त्यांनी थांबावे.