पडद्यावरचे अर्धे नाव : 'लिलो' आणि सुरू न होणारा संगणक

१/
काळा पडदा, त्यावर 'एल' आणि 'आय' ही दोनच इंग्रजी अक्षरे, आणि पुढे सारे स्तब्ध. १९९० च्या दशकात लिनक्स वापरणाऱ्यांना या दृश्याची धास्ती असे. परंतु संगणकाच्या दुखण्याचे निदान त्या दोन अक्षरांतच दडलेले असे.

२/
ती अक्षरे 'लिलो' या बूट लोडरची. वर्नर आल्मेसबर्गर यांनी तो लिनक्सच्या आरंभकाळात लिहिला. तेव्हाच्या पीसीतील बायोस हार्ड डिस्कचा केवळ पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत आणी आणि पुढील कारभार त्याच्यावर सोपवी. त्यातील ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला व २ बाइट ओळखचिन्हाला जात. उरत ४४६. एवढ्या जागेत चुकीचा सविस्तर खुलासा मावणार कसा? म्हणून लिलो प्रत्येक टप्प्यागणिक स्वतःच्या नावाचे एकेक अक्षर उमटवी. एकटा 'एल' म्हणजे पहिला भाग चालला, दुसरा मेमरीत आणता आला नाही. 'एल-आय' म्हणजे दुसरा भाग आला, पण चालला नाही. 'एल-आय-एल' म्हणजे तोही चालला, पण पुढचा तक्ता वाचता आला नाही. संपूर्ण नाव उमटले की जीव भांड्यात!

३/
लिलोला फाइल सिस्टिम उमगत नसे. कर्नल डिस्कच्या कोणत्या सेक्टरांत आहे, याची यादी आधीच करून ठेवावी लागे. नवा कर्नल बसवून 'लिलो' ही आज्ञा पुन्हा चालवण्याचे राहून गेले, की यादी जुन्या जागा दाखवत राही.

४/
अशा वेळी डिस्क फॉरमॅट करण्याचा मोह घातक ठरे. प्रबंध, पत्रे, प्रोग्रॅम सारे जागच्या जागी असे. चुकलेला असे तो केवळ पत्ता. बूट फ्लॉपीवरून संगणक सुरू करून, जुने रूट पार्टिशन माउंट करून लिलो पुन्हा चालवला की काम होई. इन्स्टॉल करतानाच अशी फ्लॉपी बनवून ठेवण्याचा सल्ला मार्गदर्शिका देत, तो उगीच नव्हे.

५/
१९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी 'ग्रब' लिहिण्यास आरंभ केला, तो मुळात लिनक्ससाठी नव्हे, तर ग्नू हर्डसाठी. ग्रब फाइल सिस्टिम स्वतः वाचतो आणि कर्नल नावानिशी शोधतो.

६/
लिलोचा विकास २०१५ च्या अखेरीस थांबला. दुरुस्तीची रीत मात्र फारशी पालटली नाही : पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, रूट पार्टिशन माउंट करायचे, 'सीएचरूट'ने त्यात शिरायचे आणि ग्रब पुन्हा बसवायचा. फ्लॉपी तेवढी गेली.